सूक्ष्मजीवांना सरसकट शिक्षा

निपाणीच्या कृषी सेवा केंद्रात आणि बेळगावच्या औषध दुकानात एकच मत चालते: बुरशी, जिवाणू, विषाणू ही सगळी वैरी मंडळी, ती जितकी मरतील तितके बरे. पानावर ठिपका दिसला की फवारा, घसा धरला की अँटिबायोटिक. हे मत वेडगळ म्हणून झटकता येत नाही. सोयाबीनवर तांबेरा पडला की शेंगा भरण्याआधी पाने गळतात आणि हंगाम हातचा जातो. देवी, पटकी, प्लेग यांनी काय केले, तेही कुणाला सांगायला नको. जंतूंची भीती अनुभवातून आलेली आहे.

तरीही हे मत तपासाला टिकत नाही. हा जीव चांगला की वाईट, असा प्रश्न ते विचारते. तो कुठे, कुणाच्या संगतीत आणि कुणाच्या अंगात वाढतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसते.

तंबाखूचा तरवा घ्या. पावसाळी हवा, दाट पेरलेले बी आणि तुंबलेले पाणी एकत्र आले की वाफ्यातली रोपे बुडाशी मऊ पडून कोलमडतात. हे बहुतेक वेळा पिथियमचे काम. त्याला सगळे बुरशी म्हणतात, पण तो खऱ्या बुरशीचा भाऊबंद नाही. त्याचे नाते तपकिरी शैवालाशी जवळचे. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असते, याच्या भिंतीत ग्लुकन आणि सेल्युलोज. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखे नावाजलेले बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही. मात्र त्याच मातीतली ट्रायकोडर्मा ही बुरशी त्या औषधाला बळी पडते. ट्रायकोडर्मा पिथियमच्या तंतूंना विळखा घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्यावर जगते. म्हणजे औषधाचा खर्च करून चोर सुटला आणि पहारेकरी मारला गेला.

वाफा भाजण्याच्या जुन्या रिवाजालाही हीच मर्यादा आहे. भाजल्याने तणाचे बी मरते, रोगाचे जंतूही मरतात. पण मोकळ्या झालेल्या मातीत जो आधी पोहोचतो तो पसरतो, आणि पिथियम धावण्यात पटाईत आहे. म्हणून गादीवाफा, निचरा, विरळ पेरणी, शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा आणि गरज पडलीच तर पिथियमवर चालणारे मेटॅलॅक्सिल, असा क्रम लावावा लागतो.

सोयाबीनचे एकच झाड तर या मताची दोन्हीकडून परीक्षा घेते. पानावर तांबेऱ्याची बुरशी झाडाला खाते, तर मुळावरच्या गाठींतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतला नत्र त्याच झाडाला पुरवतात. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, ते मारून संपत नाहीत. म्हणून धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीएसबी २१ आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम असे तांबेऱ्यापुढे टिकणारे वाण दिले. बुरशी शिवारात राहिली, पण तिचे बस्तान बसेना.

माणसाच्या शरीरातही हाच न्याय. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत ‘काळी बुरशी’ म्हणून दहशत पसरली आणि फ्रिज, कांदे यांच्यावरही आळ आला. वास्तविक म्युकर गटाचे बीजाणू माती, शेणखत आणि शिळ्या भाकरीत नेहमीच असतात आणि आपण ते श्वासावाटे घेतो. ज्यांची रक्तातली साखर बेसुमार वाढली होती, ज्यांना स्टेरॉइड भरपूर मिळाले होते, त्यांच्यातच मुख्यतः या बुरशीने जीव घेतले. बीजाणू तेच होते, शरीर बदलले होते. आणि तिच्यावरचे मुख्य औषध, अँफोटेरिसिन बी, मिळाले व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस स्थानिक मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीरोधक मिळवले.

विषाणूंचेही तेच. टिळकवाडीत ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पोरे क्रिकेट खेळतात, ते नाव मुंबई इलाख्याला देवीची लस पुरवणाऱ्या संस्थेचे. ती लस म्हणजे वासरांच्या कातडीवर वाढवलेला जिवंत विषाणूच होता.

अँटिबायोटिकलाही हाच न्याय लागतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने भाग घेतलेल्या सात देशांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रसूतीच्या वेळी २९ हजारांहून अधिक महिलांपैकी निम्म्यांना अझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस दिला, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. मातांमधील सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. बाळांच्या सेप्सिसमध्ये वा मृत्यूत मात्र फरक पडला नाही. हे औषध ज्या एरिथ्रोमायसिनपासून बनले, तेही फिलिपिन्समधल्या मातीतल्या जिवाणूचे. औषध तेच, वेळ तीच, तरी गुण आईला आला आणि बाळाला आला नाही. जंतू मारणे उपयोगी असते, पण ते कुठे उपयोगी हे मोजूनच कळते.

यावर दुसरे टोक गाठणारे म्हणतील, ‘म्हणजे निसर्गातले सूक्ष्मजीव मित्रच. ढवळाढवळ नको.’ त्यांनी तंबाखूच्या वखारीत डोकावावे. पान सुकवताना, आंबवताना आणि साठवताना काही जिवाणू पानातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट पानातल्या अल्कलॉइडांशी जुळले की नायट्रोसॅमिन तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग घडवणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. ही प्रक्रिया पूर्णपणे नैसर्गिक आहे. स्वीडनमध्ये स्नूस तंबाखू उष्णता देऊन करतात, त्यामुळे तिथे ही रसायने कमी राहतात. तंबाखूचे बाकीचे विष तसेच राहते, हे खरे. पण इथे जिवाणू मारणेच शहाणपणाचे.

तेव्हा शत्रू आणि मित्र या सूक्ष्मजीवांच्या जाती नाहीत. बाटलीचे झाकण उघडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: नेमका कोण आहे, कोणत्या परिस्थितीने त्याला वाव दिला, आणि तो मेला तर त्याची जागा कोण घेईल. रोगट तरव्याची चार रोपे तज्ज्ञाला दाखवणारा शेतकरी आणि कल्चरचा अहवाल येईपर्यंत अँटिबायोटिक न लिहिणारा डॉक्टर एकच शास्त्र पाळतात. ज्या रुग्णाला थांबायला वेळ नाही त्याला औषध आधी द्यावे. एरवी आधी ओळख पटावी, मग मारावे.