घरगुती अंडी-उबवणी आणि ब्रूडर

खुडूक कोंबडीच्या मदतीवाचून विजेच्या लहान पेटीत फलित अंडी उबवून पिल्ले काढण्याची आणि अंगावर पिसे येईपर्यंत ती कृत्रिम उबेत वाढवण्याची पद्धत. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात; बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र पुढे ४ ते ६ आठवडे बाहेरची ऊब लागते. म्हणजे उबेच्या गरजेचा मोठा काळ कवच फुटल्यावर सुरू होतो. तरीही घरगुती उबवणीत खर्च आणि लक्ष उबवणी पेटीवर एकवटते आणि ब्रूडर, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणारी जागा, पिल्ले चिवचिवू लागल्यावर घाईने उभा केला जातो. वस्तुतः पेटी आणि ब्रूडर ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. अंड्यातल्या जिवाला जागा बदलता येत नाही, म्हणून त्याला स्थिर व अचूक ऊब द्यावी लागते. पिल्लाला चालता येते, म्हणून त्याला कमी-जास्त ऊब असलेली जागा द्यावी लागते, जिथे ते आपले ठिकाण स्वतः निवडेल. उबवणीचे यश किती अंडी फुटली यावर नव्हे, तर महिन्याभराने किती पिल्ले धडधाकट उरली यावर मोजले पाहिजे, असे म्हणण्याचा आधार या फरकात आहे.

इतिहास : इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवण्याची कला प्राचीन काळापासून चालत आली. तापमापक नसताना तिथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब पारखत. १७४९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. तापमापकावरील कामासाठी प्रसिद्ध असलेल्या या शास्त्रज्ञाने अंडी उबवण्यावर न थांबता, निघालेल्या पिल्लांसाठी आतून मेंढीचे कातडे लावलेल्या ‘कृत्रिम आई’चाही विचार केला होता. आधुनिक उबवणीच्या आरंभीच या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या गेल्या, हे इथे महत्त्वाचे आहे.

अंडी : पोल्ट्रीतून दुकानात येणारी खाण्याची अंडी बहुधा अफलित, म्हणजे नराशिवाय घातलेली असतात, त्यांतून पिल्ले निघत नाहीत. उबवणीची अंडी ८-१० माद्यांमागे एक नर असलेल्या कळपातून घ्यावीत. ती ७ दिवसांपेक्षा जुनी नसावीत, थंडाव्याच्या जागी रुंद टोक वर ठेवून साठवावीत आणि धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाते आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात.

पेटीतील १८ दिवस : पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ ते ३७.८ अंश से. राखतात. बिनपंख्याच्या पेटीत हवेचे थर पडत असल्याने अंड्यांच्या वरच्या पातळीला ते सुमारे १ अंशाने जास्त ठेवतात. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवतात, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. १८व्या दिवसानंतर फिरवणे थांबते. इथे एक आक्षेप संभवतो : कोंबडी रोज दाणापाण्यासाठी उठतेच, त्या वेळी अंडी गार होतात, मग अचूकतेचा एवढा आग्रह कशाला? याचे उत्तर असे की गर्भाची सहनशक्ती दोन्ही बाजूंना सारखी नसते. थोडा वेळ गार झाल्याने वाढ फक्त मंदावते, शिवाय अंड्याच्या वस्तुमानात ऊब बराच वेळ टिकते. उलट ४० अंशांवरची उष्णता काही तास टिकली तर गर्भ मरू शकतो. म्हणून वीज गेल्यास पेटी उघडू नये, वर गोधडी टाकावी. धोका असतो तो बिघडलेल्या थर्मोस्टॅटचा. याच कारणाने विदर्भातल्या मे महिन्यात साधी पेटी निरुपयोगी ठरते. खोलीचेच तापमान ४० अंशांवर गेले की पेटी फक्त हीटर बंद करू शकते, हवा थंड करू शकत नाही. तिथे अंडी पेटीत हिवाळ्यात घालावीत, किंवा पेटी उन्हाळ्यातही थंड राहणाऱ्या खोलीत ठेवावी.

आर्द्रता हा पेटीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अंड्याच्या कवचातून पाणी सतत उडत असते आणि ते उडायलाच हवे, कारण त्यामुळे रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथेच घ्यायचा असतो. १८ दिवसांत अंड्याचे वजन १२ ते १४ टक्के घटावे; ५० ग्रॅमच्या अंड्यासाठी ही घट ६ ते ७ ग्रॅम भरते. त्यासाठी पेटीत ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात, पण पाणी किती घालावे हे गावाच्या हवेवर ठरते. कोकणातल्या पावसाळ्यात २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ३७.७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप निम्म्यावर येते. तिथे वेगळे पाणी जवळपास लागत नाही. मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या रात्री १५ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा तशीच तापली तर आर्द्रता १६ टक्क्यांपर्यंत उतरते आणि पाण्याचे भांडे सतत भरलेले ठेवावे लागते. त्यामुळे सगळीकडे एकच प्रमाण लावण्यापेक्षा काही अंडी ठरावीक दिवसांनी वजन करून पाहणे अधिक खात्रीचे. वजनाबरोबर गर्भाची वाढही तपासतात : ७व्या दिवशी अंधारात अंडे उजेडासमोर धरले की रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ज्यात ते नसेल ते अंडे काढून टाकतात.

फुटण्याचे दिवस : शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात आणि पेटी उघडत नाहीत. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालून फुफ्फुसाने श्वास घेऊ लागते, मग कवचाला बारीक भोक पाडते आणि त्यानंतर १२ ते २४ तास जवळपास स्वस्थ राहते. पाहणाऱ्याला ते अडकल्यासारखे वाटते आणि कवच सोलून मदत करण्याचा मोह होतो. भूतदया म्हणून हा मोह समजण्यासारखा आहे, पण या वेळात पडद्यांतले रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललेल्या पिल्लाला रक्तस्राव होतो, आणि वारंवार झाकण उघडल्याने बाकीच्या अंड्यांचे पडदे वाळून पिल्लांना आवळतात. इथली खरी काळजी म्हणजे हात आवरणे.

पेटीतून ब्रूडरकडे : पोटातल्या बलकावर पिल्लू दोन ते तीन दिवस तग धरते, एक दिवसाच्या पिल्लांचा दूरवर चालणारा व्यापार याच सोयीवर उभा आहे. परंतु यावरून पिल्लांना तीन दिवस पेटीत ठेवावे असा अर्थ काढणे चूक आहे. ही शिदोरी निसर्गाने उशिरा फुटणाऱ्या भावंडांची वाट पाहण्यासाठी दिली आहे. लवकर दाणापाणी मिळालेल्या पिल्लाचे आतडे लवकर तयार होते. अंग पूर्ण वाळून लव फुलली की, साधारण २४ तासांच्या आत, पिल्ले हलवावीत. ब्रूडर आदल्या दिवसापासूनच तापवलेला असावा. आधी प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवून पाणी पाजावे, मग खाद्य द्यावे.

ब्रूडर : नवजात पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात आणि शरीराचे तापमान राखण्याची शक्तीही अपुरी असते. दिव्याखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश से. ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करतात. एलईडी दिव्यातून पुरेशी ऊब मिळत नाही; त्यासाठी जुना तंतूचा बल्ब, इन्फ्रारेड दिवा किंवा हीटरच लागतो, आणि तो तारेने किंवा साखळीने पक्का टांगावा, कारण खाली भुसा असतो. मोठ्या शेडमध्ये काही ठिकाणी सगळे घरच एका तापमानाला तापवतात. मग घरच्या लहान ब्रूडरमध्ये तसे का करू नये? शेडमध्ये पिल्लांना फिरायला लांब जागा असते आणि हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा असते. लहान ब्रूडरमध्ये सगळीकडे ३५ अंश झाले तर बाजूला सरकायला जागा उरत नाही आणि पिल्ले धापा टाकत कोरडी पडतात. म्हणून दिवा एका बाजूला असावा, दुसरी बाजू गार असावी आणि पाणी दिव्याच्या अगदी खाली नसावे. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर पांगून चोच उघडी ठेवत असतील तर उकडते आहे, एकाच कडेला दाटली असतील तर कुठून तरी वारा लागतो आहे. सगळीकडे विखरून खात-झोपत असतील तर सारे ठीक आहे. तापमापक एका जागेची ऊब सांगतो, पिल्लांची मांडणी मात्र सगळ्या ब्रूडरची स्थिती दाखवते.

ब्रूडरला पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करतात, कारण कोपऱ्यात दाटून खालची पिल्ले गुदमरतात. तळाशी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा ५ सेंमी. पसरतात, गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकून पिल्ले अधू होतात. पाण्याचे भांडे उथळ असावे. तांदळाच्या कण्या ही जुनी चाल असली तरी त्यांत प्रथिने कमी असतात. पहिल्या आठवड्यांत सुमारे २० टक्के प्रथिने असलेले चिक स्टार्टर खाद्य द्यावे. ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान मानमोडीविरुद्ध लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. भुसा ओला राहिला की रक्ती हगवणीचा धोका वाढतो.

मूल्यमापन : दहा-बारा अंड्यांसाठी गावरान खुडूक कोंबडी यंत्रापेक्षा सरस आहे, हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा लागतो. ती स्थिर ऊब, फिरवणे आणि पंखाखालची निवडता येणारी ऊब हे सगळे एकाच अंगाने पुरवते. पण ती हवी तेव्हा खुडूक बसत नाही आणि व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंडी देणाऱ्या जातींत निवडपैदाशीमुळे खुडूकपणा जवळजवळ नाहीसा झाला आहे. अंडी उबवण्याऐवजी एक दिवसाची पिल्ले विकत घेणाऱ्याची पेटी वाचते, ब्रूडर मात्र वाचत नाही. ब्रूडर हा दोहोंतला अधिक मूलभूत भाग आहे, याचा हाच पुरावा. म्हणून घरगुती उबवणीचा योग्य क्रम असा : आधी ब्रूडर बांधून, दिवा लावून, दोन्ही बाजूंचे तापमान तपासून घ्यावे, त्यात जेवढी पिल्ले ऐसपैस राहतील तेवढीच अंडी पेटीत घालावीत.