न विकल्या गेलेल्या मोटारीचा वारसा

१/
१९७४ साली इटलीतील तुरीनच्या मोटार प्रदर्शनात युरोपला फारशी परिचित नसलेल्या एका कंपनीने दोन गाड्या मांडल्या. एक साधी, चार दारांची, कुटुंबासाठीची. दुसरी दोन दारांची, पुढे पाचरीसारखी निमुळती होत गेलेली, कागदाला घड्या घालाव्यात तशा धारदार कडांची. कंपनी होती दक्षिण कोरियाची ह्युंदाई. पहिली गाडी म्हणजे ‘पोनी’. पुढच्याच वर्षी तिचे उत्पादन सुरू झाले. दुसरी, ‘पोनी कूपे’, कधीही विकली गेली नाही. तरीही आज ह्युंदाईच्या नव्या गाड्यांची प्रेरणा म्हणून वारंवार नाव येते ते या दुसरीचे. असे का झाले, त्याचा हा मागोवा.

२/
प्रथम ‘कन्सेप्ट कार’ म्हणजे काय ते पाहू. प्रदर्शनात मांडण्यासाठी घडवलेला, विक्रीसाठी नसलेला नमुना म्हणजे कन्सेप्ट कार. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी १९३८ मध्ये घडवलेली ‘ब्यूक वाय-जॉब’ ही सामान्यतः पहिली कन्सेप्ट कार मानली जाते. अशा गाडीची दोन कामे असतात. लोकांच्या नजरेची चाचणी घेणे हे एक. कंपनीला उद्या काय व्हायचे आहे, ते जाहीर करणे हे दुसरे. इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते, कारण एखाद्या काळाने आपले भविष्य कसे कल्पिले होते याचा तो पुरावा असतो.

३/
१९७४च्या कोरियाला भविष्याची निकड होती. १९१० ते १९४५ हा देश जपानच्या अमलाखाली होता. पाठोपाठ फाळणी झाली आणि १९५० ते १९५३ या काळात युद्धाने तो होरपळून निघाला. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ सालचा, आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातील शेतकरी कुटुंबातला. त्यांनी आधी सोलमध्ये मोटार दुरुस्तीचा धंदा केला, मग बांधकामात पाऊल टाकले. सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला, त्यात त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. रस्ता तयार झाला होता; त्यावरून धावणारी मोटार मात्र देशाची स्वतःची नव्हती.

४/
ह्युंदाई मोटर कंपनी डिसेंबर १९६७ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या उल्सान येथील कारखान्यात फोर्डच्या कॉर्टिना गाडीची जुळणी सुरू झाली. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथे जोडायचे, असा तो व्यवहार. पुढे फोर्डशी संयुक्त कंपनीची बोलणी फिसकटली. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने मोटार कंपन्यांना बजावले, की आता देशाचे स्वतःचे मॉडेल हवे. ज्या कंपनीने तोवर एकही गाडी स्वतः आखली नव्हती, तिच्यापुढे हे आव्हान होते.

५/
मदत चहूकडून मागवली गेली. इंजिन आणि यांत्रिक भाग जपानच्या मित्सुबिशीकडून आले. ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल प्रकल्पाची सूत्रे हाती घेण्यासाठी कोरियात दाखल झाले. बाह्यरूपाचे काम तुरीनच्या जॉर्जेतो जुजारो यांच्याकडे गेले. त्यांची ‘इटालडिझाइन’ ही संस्था १९६८ पासून काम करत होती आणि त्यांनी आखलेली फोक्सवॅगन गोल्फ त्याच १९७४ साली बाजारात आली. कोरियाचे तरुण अभियंते तुरीनला पाठवले गेले. आराखड्यावरून साचा कसा करायचा, साच्यावरून पत्रा कसा घडवायचा, हे ते तिथे शिकले.

६/
म्हणजे कोरियाची ‘स्वदेशी’ मोटार इटालियन रूपाची, जपानी इंजिनाची आणि इंग्रज व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली घडलेली होती. तीस वर्षांपूर्वीपर्यंत ज्या देशाची सत्ता सोसली, त्याच देशाचे इंजिन घेऊन स्वावलंबनाची वाट धरावी लागली. तरीही तिला स्वदेशी म्हणणे खोटे नव्हते. ती गाडी घडवताना मिळालेले ज्ञान उल्सानमध्येच राहिले. १९७६ मध्ये पोनीची निर्यात सुरू झाली आणि पहिल्या गाड्या दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरला रवाना झाल्या.

७/
कूपेचे नशीब वेगळे होते. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या बाजारांवर डोळा ठेवून ती कल्पिलेली होती आणि तिच्या उत्पादनाची तयारीही बरीच पुढे गेली होती. पण १९७९ मध्ये जगावर दुसरे तेलसंकट कोसळले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. १९८० मध्ये कोरियाची अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आक्रसली. अशा दिवसांत दोन दारांच्या हौशी गाडीला कोण विचारणार? १९८१ मध्ये प्रकल्प थांबला. पुढे तुरीनला मांडलेला नमुनाही कुठेतरी हरवला. मागे उरली ती छायाचित्रे आणि रेखाटने.

८/
जुजारो यांनी त्या रेषा सोडल्या नाहीत. १९८१ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या ‘डेलोरियन’ या गाडीत त्याच धाटणीचा पाचरीसारखा आकार आणि त्याच सरळ कडा दिसतात. पुढे १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटात ती कालयंत्र झाली आणि जगभर पोहोचली. त्यामुळे आजच्या पिढीला पोनी कूपेचे चित्र दाखवले तर ती म्हणते, “ही तर डेलोरियनसारखी!” प्रत्यक्षात कूपे सात वर्षांनी थोरली आहे. स्मृतीतला क्रम आणि घटनांचा क्रम यांत असे अंतर पडते. म्हणूनच तारीख तपासणे हा इतिहासाचा पहिला धडा ठरतो.

९/
दरम्यान मोटारजगात जुन्या रूपांची लाट आली. १९९४ च्या डेट्रॉईट प्रदर्शनात फोक्सवॅगनने ‘कन्सेप्ट वन’ मांडली. जुन्या बीटलचा घाट तिच्यात लगेच ओळखू येत होता आणि तिच्यातूनच पुढे ‘न्यू बीटल’ निघाली. पण बीटलची गोष्ट सोपी होती. मूळ बीटलच्या दोन कोटींहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या, म्हणजे ती स्मृती कोट्यवधी लोकांच्या मनात आधीच होती. जी गाडी कुणी चालवलीच नाही, तिची आठवण कुठून आणायची?

१०/
सप्टेंबर २०१९ मध्ये ह्युंदाईने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात विजेवर चालणारी ‘४५’ नावाची कन्सेप्ट कार मांडली. नावातला आकडा १९७४ पासून उलटलेली ४५ वर्षे सांगत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्यातूनच ‘आयोनिक ५’ अवतरली आणि २०२२ मध्ये तिला ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’चा मान मिळाला. जुलै २०२२ मध्ये आली ‘एन व्हिजन ७४’. हायड्रोजन आणि बॅटरी या दोन्हींवर चालणाऱ्या या नमुन्याची पाचरीसारखी आकृती थेट कूपेची आहे आणि तिच्याही नावात ते साल आहे.

११/
याच वेळी भूतकाळाची आठवण का झाली? एक उत्तर तंत्रात आहे. पेट्रोलच्या गाडीला पुढे इंजिन असते. त्याला थंड ठेवणाऱ्या रेडिएटरला हवा हवी, म्हणून जाळी लागते. गाडीचा ‘चेहरा’ या गरजेतून घडत गेला. विजेच्या गाडीत बॅटरी जमिनीलगत सपाट पसरते आणि मोठ्या जाळीची गरज उरत नाही. गरज गेली की चेहराही जातो, आणि सगळ्या गाड्या एकसारख्या दिसू लागतात. तेव्हा वेगळेपण आणायचे कुठून? ज्यांच्याकडे जुना काळ होता, ते तिकडे वळले. नव्या स्पर्धकांना पैसा उभारता येतो, तंत्र मिळवता येते. १९७४ हे साल मात्र मिळवता येत नाही.

१२/
नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने हरवलेली कूपे पुन्हा घडवण्याचे जाहीर केले. काम सोपवले ८४ वर्षांच्या जुजारो यांच्याकडेच. मे २०२३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठी ती लोकांसमोर आली. मराठीत अशा कामाला सहज ‘जीर्णोद्धार’ म्हटले जाईल. पण जीर्णोद्धाराला जीर्ण का होईना, मूळ वास्तू लागते. इथे मूळच नाही. म्हणून ही ‘पुनर्निर्मिती’ आहे. ज्याने पहिली रेषा ओढली त्याच्याच देखरेखीखाली ती झाली, म्हणून तिचे मोल मोठे. पण तिचा पत्रा १९७४ चा नाही, ही नोंदही तितकीच आवश्यक.

१३/
वारसा जपणारा प्रत्येक जण निवड करतो. नव्या गाड्यांतून रेषा परत आल्या, जुजारो परत आले, तुरीनची झगमगही परत आली. उल्सानच्या कारखान्यांत त्या गाड्या ज्यांनी घडवल्या, त्यांचे काय? १९८७ च्या उन्हाळ्यात कोरियाभर कामगारांची प्रचंड आंदोलने झाली आणि उल्सानमधील ह्युंदाईचे कामगार त्यांत आघाडीवर होते. मालकाच्या मर्जीबाहेरची, स्वतःची संघटना ही त्यांची मागणी. पोनीच्या यशाइतकाच हाही त्या गाडीचा इतिहास आहे. पण दिव्यांच्या आकारात किंवा दाराच्या कडेत तो कोरता येत नाही. घाटाला जेवढे आठवते तेवढेच तो सांगतो. उरलेले कागदपत्रांतून आणि माणसांच्या तोंडून गोळा करावे लागते.

१४/
जानेवारी २०२३ मध्ये आयोनिक ५ भारतातही विक्रीला आली. तिची जुळणी चेन्नईजवळ होते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ती कधी शेजारून गेली तर दारांवरची तिरपी धारदार घडी जरूर पाहावी. ती घडी तुरीनच्या एका टेबलावर आखली गेली, तेव्हा कोरियाकडे स्वतःची एकही मोटार नव्हती. ती घडी ल्यालेली कूपे विकली गेली नाही, हरवली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी पुन्हा घडवली गेली. आणि ती गाडी दिसेनाशी होण्याआधी उल्सानच्या त्या कामगारांचीही आठवण काढावी. त्यांच्या नावाने अजून एकही कन्सेप्ट कार निघालेली नाही.