उंच गडी, ठेंगणा गडी आणि मलिक अंबर

बॉक्सिंगमध्ये 'रीच' नावाचा एक आकडा असतो. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. ज्याचा आकडा मोठा तो लांबूनच जॅब मारत राहतो, आणि समोरच्या ठेंगण्या गड्याचा ठोसा पोचतच नाही. मग ठेंगण्याने काय करायचं? घरी जायचं?

मुळीच नाही. रॉकी मार्सियानोचा रीच ६८ इंच, जो लुईचा ७६. तरी १९५१ मध्ये मार्सियानोने लुईला आठव्या राउंडला झोपवलं (लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता, हेही खरं). १९७१ मध्ये जो फ्रेझियरने महंमद अलीला हरवलं. अली सहा फूट तीन इंच, फ्रेझियर सहा फुटाला जरासा कमीच. आणि २०२४ मध्ये सहा फूट तीन इंची उसिकने सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीला हरवलं, तेही एकदा नाही, दोनदा.

ठेंगण्या गड्याचे नियम थोडक्यात तीन. एक, मधल्या अंतरात थांबायचं नाही. एकतर पूर्ण बाहेर, नाहीतर एकदम आत, छातीला भिडून. तिथे लांब हाताला मारायला जागाच उरत नाही. दोन, डोक्याच्या मागे लागायचं नाही. आधी पोट आणि बरगड्या, कारण दम तिथे असतो. तीन, एका जागी उभं राहायचं नाही. त्याचे ठोसे हवेत जाऊ द्यायचे, हुकलेला ठोसाही दमवतोच.

आता हे सगळं इतिहासाच्या लेखात कशाला? तर हेच नियम सैन्याला लावून एका माणसाने पाव शतक मुघलांना झुंजवलं. तो माणूस म्हणजे मलिक अंबर, आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, विकत विकत दख्खनेत पोचला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांकडे गेला आणि निजामशाही संपल्यात जमा झाली. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधून त्याला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हातात घेतला. समोर होते अकबर आणि मग जहांगीर. पैसा, तोफा, माणसं, सगळ्यात मुघलांचा 'रीच' मोठा.

मग अंबरने काय केलं? नियम पहिला. मोकळ्या मैदानात मोठ्या फौजेसमोर उभंच राहायचं नाही. हलक्या घोड्यांवरचे बारगीर, त्यात मराठे भरपूर, झटकन येऊन मारायचे आणि डोंगरात पसार व्हायचे. नियम दुसरा. १६१० मध्ये खानखानान अब्दुर्रहीम (हो, तेच दोह्यांवाले रहीम!) भर पावसाळ्यात बुऱ्हाणपुराहून चालून आला, तेव्हा अंबरने त्याच्या पोटावरच मारलं. अक्षरशः. फौजेला धान्य मिळेना, जनावरांना वैरण मिळेना. शेवटी तह करून खानखानान परत फिरला आणि अहमदनगरचा किल्लाही अंबरने परत मिळवला. नियम तिसरा. १६११ च्या सुमारास मुघलांनी दोन हातांनी मारायचं ठरवलं: गुजरातेतून अब्दुल्ला खान, वऱ्हाडातून दुसरी फौज. अब्दुल्ला खान घाईत एकटाच पुढे आला. अंबरने त्याला समोर काही सापडू दिलं नाही, फक्त चारी बाजूंनी टोचत राहिला. तो बागलाणातून गुजरातेत परत, आणि दुसऱ्या हाताचा ठोसाही हवेतच.

पण ही शैली महाग असते, हे सांगायलाच हवं. अलीला हरवणारा तोच फ्रेझियर १९७३ मध्ये फोरमनसमोर सरळ चालत गेला आणि दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पडला. अंबरचंही तेच झालं. त्याचे काही सरदार मुघलांना जाऊन मिळाले आणि १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला समोरासमोर लढाई झाली. तो हरला. त्याने वसवलेली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, मुघलांनी लुटून उद्ध्वस्त केली. उंच गडी चार ठोसे खाऊनही उभा राहतो. ठेंगण्याला एक चूकही परवडत नाही.

गंमत बघा, साधारण त्याच सुमारास जहांगीरने अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय! प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. नॉकआउट फक्त कागदावर.

उलट १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा जोडफौजेला हरवलं. तलावाचा बांध फोडून रान चिखलाचं केलं, उपासमार होऊ दिली, रात्री छापे घातले आणि मग घाव घातला. त्याचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास! या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

१६२६ मध्ये अंबर वारला आणि दहा वर्षांत, १६३६ ला, निजामशाही संपली. म्हणजे हरला म्हणायचं का? मला नाही वाटत. ठेंगण्या गड्याने उंच गड्याला दमवायचं कसं, हे दख्खनेने त्याच्याकडे पाहिलं होतं. पुढे औरंगजेब स्वतः आला, पंचवीस वर्षं इथे लढत राहिला आणि १७०७ मध्ये इथेच वारला. समोरचे मराठे तेव्हाही मैदानात उभे राहत नव्हते, रसद तोडत होते.

औरंगजेबाची कबरही खुलताबादलाच आहे. त्याच्याच इच्छेप्रमाणे साधी, वर छप्परही नसलेली. त्याच गावात अंबरचा घुमटवाला मकबरा. वेरूळला जाल तेव्हा थोडी वाट वाकडी करा आणि दोन्ही बघा. एकाच्या नावाने सगळे भांडतात, दुसऱ्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. तो दुसराही बघून या.