रिकाम्या पदाचा कारभार : ब्रिटिश ॲडमिरल्टीची कुळकथा

आधुनिक राज्यव्यवस्थेत नौदलाचा सर्वोच्च कारभार गणवेशातील सेनानीकडे नसून संसदेला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आणि त्याच्या मुलकी खात्याकडे असतो. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणा राज्यशास्त्रज्ञाने आखून दिलेल्या तत्त्वातून निघाली असावी, असा समज सहज होतो. ज्या इंग्लंडमध्ये या व्यवस्थेची जडणघडण झाली, तेथील इतिहास मात्र निराळीच हकिकत सांगतो. तेथे एक मोठे पद रिकामे पडले, ते कायमचे भरण्याची फारशी निकड कोणाला उरली नाही, आणि मधल्या काळात हिशेबाच्या वह्या ज्यांच्या हाती होत्या त्यांच्याकडे अधिकार हळूहळू सरकत गेला.

ते पद म्हणजे ‘लॉर्ड हाय ॲडमिरल’, अर्थात राजाच्या वतीने समुद्रावरील सर्व अधिकार चालवणारा सरदार. आरमाराचे आधिपत्य, अधिकाऱ्यांच्या नेमणुका, समुद्रावरील तंट्यांचा न्यायनिवाडा आणि शत्रूच्या पकडलेल्या जहाजांतील वाटा, इतके सारे या एका पदाशी जोडलेले असल्यामुळे ते मानाचे तसेच मिळकतीचेही होते. त्यावरील व्यक्तीला जहाजबांधणीतले काही कळावे, अशी अपेक्षा नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये एक वेगळे मंडळ नेमले. खजिनदार, तपासनीस, जहाजांचा सर्वेक्षक आणि लेखनिक अशा पगारी अधिकाऱ्यांचे हे मंडळ पुढे ‘नेव्ही बोर्ड’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लाकूड, दोरखंड, डांबर, पगार आणि गोद्या त्याच्याकडे, तर हुकूम आणि मान ॲडमिरलकडे, अशी ही विभागणी जवळपास तीनशे वर्षे टिकली.

२३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्समथ येथे बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याचा जॉन फेल्टन नावाच्या असंतुष्ट लष्करी अधिकाऱ्याने सुऱ्याने भोसकून खून केला. बकिंगहॅम हा राजा पहिल्या चार्ल्सचा लाडका आणि त्या वेळचा लॉर्ड हाय ॲडमिरल होता. त्याच्या जागी दुसरा सरदार नेमण्याऐवजी राजाने ते पद ‘आयोगाकडे’ सोपवले. मोठे राजपद एका व्यक्तीला न देता त्याचे अधिकार काही आयुक्तांनी मिळून चालवावेत, अशी सोय इंग्रजी रिवाजात होती आणि खजिन्याच्या बाबतीत ती आधीही वापरली गेली होती. आरमाराचे हे पहिले आयुक्त दरबारातील बडे मंत्री होते, दर्यावर्दी नव्हेत. नौदलावरील मुलकी मंडळाची सुरुवात ही अशी तात्पुरत्या व्यवस्थेतून झाली. पुढील काही दशकांत पद कधी एका माणसाकडे, कधी आयोगाकडे, आणि राजाचा शिरच्छेद झाल्यावर प्रजासत्ताकाच्या समित्यांकडे, असे फिरत राहिले.

या घडणीतील खरा कळीचा माणूस, राजेशाही परतल्यावर, १६६० मध्ये नेव्ही बोर्डाचा लेखनिक म्हणून दाखल झाला. सॅम्युएल पीप्स हा लंडनमधील शिंप्याचा मुलगा. वार्षिक ३५० पौंड पगाराची ही जागा त्याला एका नातलग सरदाराच्या वशिल्याने मिळाली होती आणि समुद्राचा त्याचा अनुभव नगण्य होता. बोर्डावरील बॅटन आणि पेन हे मुरलेले दर्यावर्दी असल्यामुळे या कारकुनाने सह्या कराव्यात आणि गप्प बसावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असणार. पीप्सने मात्र १६६२ च्या जुलैत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ‘रॉयल चार्ल्स’ या जहाजावरील कूपर नावाच्या अधिकाऱ्याकडून गणिताची शिकवणी सुरू केली आणि सुरुवात केली ती पाढ्यांपासून. केंब्रिजचा हा पदवीधर लॅटिन जाणत होता, पण पाढे त्याला येत नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांतच अँथनी डीन या जहाजबांधणी करणाऱ्या कारागिराबरोबर रानात जाऊन उभे झाड आणि कापलेले ओंडके कसे मोजतात, आणि त्या मोजणीत राजाला कसे लुबाडले जाते, हे त्याने समजून घेतले. आरमारावरील मुलकी नियंत्रणाचा पाया शोधायचाच असेल तर तो संसदेतील भाषणांपेक्षा या लाकडाच्या मोजमापात अधिक सापडतो, कारण पुरवठादाराचे बिल ज्याला तपासता येते त्याला टाळून कारभार करणे सेनापतीलाही अवघड जाते.

हिशेब नीट असणे आणि तिजोरीत पैसा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १६६७ च्या जूनमध्ये उघड झाले. पैशाअभावी मोठी जहाजे नांगरून ठेवलेली असताना डच आरमार मेडवे नदीत शिरले, त्याने जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेले. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या दिल्या जात आणि त्या चिठ्ठ्या बाजारात कमी किमतीला विकण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे, हे प्रकरणही या निमित्ताने चव्हाट्यावर आले. संसदेने जाब विचारला तेव्हा नेव्ही बोर्डाच्या वतीने उत्तर देण्यासाठी ५ मार्च १६६८ रोजी सभागृहासमोर उभा राहिला तो पीप्स, आणि सुमारे तीन तास बोलून त्याने सहकाऱ्यांना वाचवले. नौदलाच्या अपयशाबद्दल मुलकी अधिकाऱ्याने लोकप्रतिनिधींपुढे कागदपत्रांसह खुलासा करायचा, हा प्रघात अशा प्रसंगांतून रूढ होत गेला.

१६७३ च्या ‘टेस्ट ॲक्ट’ने सरकारी पद धारण करणाऱ्यावर अँग्लिकन पंथाचे पालन बंधनकारक केले, तेव्हा कॅथलिक झालेला, राजा दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ जेम्स याला लॉर्ड हाय ॲडमिरलचे पद सोडावे लागले. ते पुन्हा आयोगाकडे गेले आणि पीप्स त्या आयोगाचा चिटणीस झाला. याच काळात, १६७७ मध्ये, लेफ्टनंट होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ठरावीक सागरी अनुभव मिळवावा आणि परीक्षा द्यावी, असा नियम झाला. खानदानी घराण्यातील मुलाला केवळ शिफारशीवर जहाजावर हुकूमत मिळू नये, ही शिस्त लावण्यात समुद्रावर कधी न लढलेल्या या माणसाचा पुढाकार होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर १६९० मध्ये संसदेने कायदा करून लॉर्ड हाय ॲडमिरलचे सर्व अधिकार आयुक्तांनाही आहेत, असे स्पष्ट केले. १७०९ पासून तर, एक छोटा अपवाद वगळता, ते पद अडीच शतके कोणा एका व्यक्तीकडे गेलेच नाही.

या आयुक्तांचे मंडळ म्हणजे ‘बोर्ड ऑफ ॲडमिरल्टी’. त्याचा प्रमुख ‘फर्स्ट लॉर्ड’ हा मंत्रिमंडळात बसे आणि बाकीच्यांत काही नौदल अधिकारी, काही राजकारणी असत. लंडनमधील व्हाइटहॉल येथे १७२६ मध्ये बांधून झालेल्या इमारतीत मंडळाची खोली होती. तिच्या शेकोटीवर एक मोठी तबकडी बसवलेली असून छपरावरील वातकुक्कुटाशी जोडलेला तिचा काटा वाऱ्याची दिशा दाखवी. पूर्वेचा वारा सुटला म्हणजे ब्रेस्टच्या बंदरातील फ्रेंच आरमाराला बाहेर पडता येईल, हे ओळखायला आयुक्तांना खुर्चीवरून उठावे लागत नसे. मंडळाच्या हुकमांवर दोघा-तिघा आयुक्तांच्या सह्या असत, रोजचा पत्रव्यवहार मात्र चिटणीसाच्या नावाने चाले. समुद्रावरील सेनापती आपले अहवाल या मुलकी चिटणीसाला लिहीत आणि त्यांना उत्तर येई ते ‘लॉर्डसाहेबांच्या आज्ञेवरून’ त्याच चिटणीसाच्या सहीने. ट्रफाल्गारचा विजय आणि सेनापती नेल्सनचा मृत्यू कळवणारा, त्याच्या हाताखालच्या कॉलिंगवूडचा खलिताही चिटणीस विल्यम मार्सडेन याच्याच नावे होता. ६ नोव्हेंबर १८०५ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास लापेनोतिएर हा अधिकारी तो घेऊन पोहोचला, तेव्हा मार्सडेनने हातात मेणबत्ती घेऊन वृद्ध फर्स्ट लॉर्ड बारहॅम यांची खोली शोधली आणि त्यांना झोपेतून उठवले. हा मार्सडेन पूर्वी सुमात्रात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि त्या बेटाचा इतिहासकार म्हणून विद्वानांत ओळखला जाई.

सेनानी आणि राजकारणी यांच्यातील रेघ या काळात फारशी ठळक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अनेक नौदल अधिकारी संसदेचे सदस्य असत. १७७८ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या उशांच्या लढाईत केपेल आणि पॅलिझर या दोन ॲडमिरलांत बेबनाव झाला. त्यांतील एक विरोधी पक्षाचा खासदार तर दुसरा खुद्द ॲडमिरल्टीच्या मंडळाचा सदस्य असल्यामुळे समुद्रावरचे भांडण कोर्ट-मार्शलमधून थेट पक्षीय राजकारणात उतरले. मुलकी सत्तेची खरी पकड होती ती पैशावर. संसद दरवर्षी किती खलाशी ठेवायचे ते ठरवून दर माणशी, दर अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला ४ पौंड या ठोक दराने रक्कम मंजूर करी. या दरात प्रत्यक्ष खर्च भागत नसे आणि नौदलाच्या कर्जाचा डोंगर वाढत जाई, पण मंजुरीसाठी प्रत्येक वर्षी संसदेच्या दारी जावेच लागे.

त्याच शतकात कोकण किनाऱ्यावर आरमाराच्या कारभाराने वेगळे वळण घेतले होते. मराठी राज्यातील ‘सरखेल’ हे आरमारप्रमुखाचे पद कान्होजी आंग्र्यांनंतर त्यांच्या घराण्यातच राहिले. किल्ले, मुलूख, महसूल आणि जहाजे एकाच घराण्याकडे असल्यामुळे पुण्याच्या दफ्तराला तेथे हिशेब विचारण्याची सोय उरली नव्हती. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचा तंटा विकोपाला गेला तेव्हा पेशव्यांना इंग्रजांची मदत घ्यावी लागली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या स्वारीतील इंग्रज आरमाराचा सेनापती चार्ल्स वॉटसन हा ॲडमिरल्टीने पाठवलेला पगारी अधिकारी होता. त्याला परत बोलावण्यास एक पत्र पुरले असते. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गास स्वतंत्र सुभा करून आनंदराव धुळप यांच्याकडे आरमार सोपवले, पण गेलेले बळ भरून आले नाही.

लंडनमधील रिकामे पद एकदाच भरून पाहण्यात आले. १८२७ मध्ये राजबंधू क्लॅरन्सचा ड्यूक याला लॉर्ड हाय ॲडमिरल नेमले गेले, मात्र त्याने सल्लागार परिषदेच्या संमतीने वागावे, अशी अट होती. स्वतः नौदलात वाढलेल्या या राजपुत्राला ती जाचक वाटली आणि १८२८ च्या उन्हाळ्यात तो कोणाला न कळवता एक ताफा घेऊन समुद्रावर निघून गेला. आपले आरमार नेमके कोठे आहे हे सरकारला काही दिवस ठाऊक नव्हते. पंतप्रधान वेलिंग्टन, जो स्वतः सेनापती होता, त्याने हा प्रकार खपवून घेतला नाही आणि ड्यूकला पद सोडावे लागले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८३२ मध्ये, फर्स्ट लॉर्ड जेम्स ग्रॅहॅम याने जुने नेव्ही बोर्डच मोडीत काढून त्याची सर्व कामे ॲडमिरल्टीत आणली.

१८६९ मध्ये ह्यू चिल्डर्स या फर्स्ट लॉर्डने नौदलाची संसदीय जबाबदारी एकट्या मंत्र्यावर आहे आणि इतर आयुक्त त्याला उत्तरदायी आहेत, असे ठरवून घेतले. मुलकी नियंत्रणाची ही परिसीमा होती आणि तिची किंमतही लवकरच कळली. कूपर कोल्स या अधिकाऱ्याला फिरत्या बुरुजात तोफा आणि वर पूर्ण शिडे असलेली ‘कॅप्टन’ ही युद्धनौका आपल्या आराखड्यानुसार बांधायची होती. नौदलाचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड आणि नियंत्रक स्पेन्सर रॉबिन्सन यांचा तिच्या स्थैर्याबद्दल आक्षेप होता, पण वृत्तपत्रे आणि संसद कोल्सच्या बाजूने असल्यामुळे परवानगी आधीच मिळाली होती. बांधून झालेले जहाज ठरल्यापेक्षा जड भरले आणि पाण्यावरील त्याची उंची सुमारे दीड फुटाने कमी झाली. चिल्डर्सचा मात्र त्यावर इतका विश्वास होता की, त्याने आपल्या मुलाची बदली त्याच जहाजावर करवून घेतली. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटेपूर्वी स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ‘कॅप्टन’ उलटले. कोल्स, मंत्र्याचा मुलगा आणि जवळपास पावणेपाचशे माणसे बुडाली, वाचले अवघे अठरा. हे जहाज तज्ज्ञांच्या मताविरुद्ध, लोकमताला मान देऊन बांधले गेले होते, असा निष्कर्ष कोर्ट-मार्शलने नोंदवला. चिल्डर्सने दोषाचा मोठा वाटा रॉबिन्सनवर ढकलला, हा या प्रकरणातील सर्वांत अशोभनीय भाग होय.

यानंतरही फर्स्ट लॉर्डचे पद मुलकीच राहिले. १८७७ मध्ये तर पुस्तके आणि वर्तमानपत्रे विकणाऱ्या प्रसिद्ध पेढीचा मालक डब्ल्यू. एच. स्मिथ फर्स्ट लॉर्ड झाला आणि पुढच्याच वर्षी गिल्बर्ट व सुलिव्हन यांच्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या संगीतिकेने समुद्राचा अनुभव नसलेला आरमारमंत्री रंगभूमीवर आणला. मे १९१५ मध्ये दार्दानेल्सच्या मोहिमेवरून नौदलप्रमुख ॲडमिरल फिशरने राजीनामा दिला आणि त्याच पेचात फर्स्ट लॉर्ड चर्चिललाही पद गमवावे लागले. अमेरिकेने मुलकी नियंत्रणाचा हाच प्रश्न बराच आधी, मंडळाशिवाय सोडवला होता. युद्धखात्याकडील जहाजबांधणी रेंगाळल्यावर ३० एप्रिल १७९८ च्या कायद्याने तेथे स्वतंत्र नौदल खाते निघाले आणि जॉर्जटाउनचा व्यापारी बेंजामिन स्टॉडर्ट त्याचा पहिला सचिव झाला.

१ एप्रिल १९६४ रोजी ॲडमिरल्टी संरक्षण मंत्रालयात विलीन झाली तेव्हा लॉर्ड हाय ॲडमिरल ही पदवी राणी एलिझाबेथने स्वतःकडे घेतली आणि २०११ मध्ये पतीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला ती त्याला बहाल केली. तोवर तिच्यात मानापलीकडे काही उरले नव्हते. मुलकी नियंत्रणाच्या याच वाटेवर भारतात १९५५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांचे ‘कमांडर-इन-चीफ’ हे नामाभिधान जाऊन ‘चीफ ऑफ स्टाफ’ आले, आणि १९६१ च्या कामकाज वाटपाच्या नियमांनुसार देशाच्या संरक्षणाचा विषय संरक्षण विभागाकडे, म्हणजे मुलकी सचिवाच्या हाताखाली राहिला. १ जानेवारी २०२० पासून संरक्षणदल प्रमुखाच्या अखत्यारीत ‘लष्करी व्यवहार विभाग’ काम करू लागला, त्याच्याकडे भूदल, नौदल आणि हवाई दल आले, आणि गणवेशातील अधिकारी प्रथमच भारत सरकारच्या एका विभागाचा सचिव झाला. देशाच्या संरक्षणाचा विषय मात्र मुलकी संरक्षण सचिवाकडेच ठेवण्यात आला, आणि नव्या विभागाला दलांपुरती खरेदी करण्याचा अधिकार देताना युद्धनौकांसारखी मोठी भांडवली खरेदी त्यातून वगळण्यात आली.