रामायण फोर-केमध्ये आलं, पण आवाज?

आजचा विषय जुनं अ‍ॅनिमे, आणि ते एचडीत यायला लागणारी वर्षं.

२४ जानेवारी २०२५ ला 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' आपल्याकडे थिएटरमध्ये फोर-केमध्ये लागला. पिक्चर बनला होता १९९२ मध्ये. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी.

याची सुरुवात १९८३ मध्ये झाली. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक इथल्या उत्खननावर माहितीपट करायला आले आणि रामायणाच्या प्रेमातच पडले. परदेशी माणूस रामाचं कार्टून काढणार म्हटल्यावर इथे विरोध झाला. त्यात अयोध्येच्या वादाचा तो काळ. शेवटी बहुतेक काम जपानमध्येच झालं. भारताकडून होते राम मोहन, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले अ‍ॅनिमेटर. संगीत वनराज भाटियांचं. हाताने रंगवलेली साधारण १ लाख सेल्स, म्हणजे पारदर्शक शीटवरची चित्रं!

आम्ही पेण-रोह्याची पोरं हे बघितलं ते कार्टून नेटवर्कवर, केबलच्या मुंग्या आलेल्या पडद्यावर, लोडशेडिंगच्या कृपेने अर्धंमुर्धं. नंतर कॉलेजात असताना मेमूमध्ये बसून फोनवर बघितलं, तर त्या रिपमध्ये हनुमानाचा चेहराही धड दिसत नव्हता.

आता इंजिनिअरगिरी थोडी. जुन्या टीव्हीच्या चित्रात ५७६ रेषा असायच्या, फोर-केमध्ये २१६०. मग नव्या रेषा आल्या कुठून? त्या आधीपासूनच होत्या. सेल्सचे फोटो फिल्मवर काढायचे आणि फिल्ममध्ये टीव्हीच्या कितीतरी पट तपशील मावतो. 'ड्रॅगन बॉल झी'सुद्धा १६ मिलिमीटर फिल्मवरच आहे. निगेटिव्ह शाबूत असेल तर नव्याने स्कॅन करा, धूळ-ओरखडे काढा, रंग जुळवा. वेळखाऊ आणि महाग, पण जमतं. गंमत म्हणजे २००० च्या आसपास स्टुडिओ कॉम्प्युटरवर रंग भरायला लागले आणि बऱ्याच मालिका थेट टीव्हीच्या साइझमध्येच बनल्या. त्यांचं निगेटिव्हच नाही, नुसतं ताणून मोठं करायचं. म्हणजे १९९२ चा राम आज त्याच्यानंतरच्या कित्येक हिरोंपेक्षा स्वच्छ दिसतो.

पण फिल्ममधून चित्र मिळतं, आपलं डबिंग नाही. आमच्या डोक्यात बसलेला राम अरुण गोविलांच्या आवाजात बोलतो आणि रावण अमरीश पुरींच्या. २०२५ ला मात्र हिंदी डबिंग नवीन केलेलं होतं. नव्या कलाकारांनी काम नीट केलंय, मान्य. तरी रावण बोलायला लागला की माझं लक्ष चित्रावरून उडत होतं. इतकी वर्षं थांबून आपल्याला अर्धीच गोष्ट परत मिळाली, असं मला तरी वाटतं.

'जंगल बुक'चं बघा. ही १९८९ ची ५२ भागांची जपानी मालिका, दूरदर्शनवर आली १९९३ मध्ये. ते चड्डीवालं गाणं गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं, खास आपल्यासाठी केलेलं. आणि शेरखान? नाना पाटेकर! मूळचे मुरूडचे, म्हणजे आमच्या रोह्याच्या शेजारच्याच तालुक्यातले. डिस्नेच्या २०१६ च्या सिनेमात हिंदी शेरखानसाठी पुन्हा नानाच लागले, यावरून काय ते समजा. तोक्योतलं निगेटिव्ह कितीही छान स्कॅन केलं तरी त्यात नाना नाहीत, ते गाणंही नाही. ते इथल्या टेपवर. दूरदर्शनने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा दाखवली. ते जुनं डबिंग तिथल्या चित्रावर, फ्रेमला फ्रेम जुळवून, बसवायला हवं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे काम आपल्या आवाक्यातलं आहे.

साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. थिएटरातलं ते फोर-के दोघांनाही बघायला मिळालं नाही.

तुमच्या माळ्यावर त्या काळात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली व्हीएचएस कॅसेट असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात घालू नका. चित्र खराब असू दे. आवाज चालतोय का, तेवढं बघा.