सीमेवर विठाबाई, पडद्यावर कोण?

तमाशापट म्हटला की आम्हा कोल्हापूरकरांची छाती फुगते. 1947 साली आलेला ‘लोकशाहीर राम जोशी’ बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम या कोल्हापूरच्याच दोघांनी दिग्दर्शित केला. त्याचा नायक पेशवाईतला ब्राह्मण शाहीर. जात सोडून तमाशात उतरला, म्हणून त्याची शोकांतिका मोठी! पण ज्यांना हा फड जातीनेच मिळाला, त्या महार-मांग, कोल्हाटी कलावंतांची गोष्ट कुणी सांगायची?

तमाशा पेशवाईत बहरला तो लष्करी छावण्यांच्या आश्रयाने. लढाईवरून थकून आलेल्या शिपायांची करमणूक हे त्याचे एक मोठे काम होते. दीडशे वर्षांनंतर, 1962 च्या चीन युद्धात, देशाला पुन्हा तमाशाची आठवण झाली. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घराण्यातल्या विठाबाई जवानांसमोर कला सादर करायला थेट सीमेवर गेल्या. यशवंतराव संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण शाळेपासून ऐकतो. त्या सह्याद्रीत विठाबाईंना कुणी मोजले का?

त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरीही शेवटची वर्षे हलाखीत गेली. जानेवारी 2002 मध्ये त्या गेल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या समाजाने युद्धात त्यांना ‘देशसेविका’ म्हटले असते, तोच शांततेत त्यांना ‘नाचणारी बाई’ म्हणत राहिला.

इथे आपल्यालाही एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागेल. जातीने लादलेली कामे सोडा, स्वाभिमानाने जगा, ही बाबासाहेबांची शिकवण. 1920 ला आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात परिषद भरली, तेव्हापासून या स्वाभिमानाची वाट सुरू आहे. म्हणूनच आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीचा साचा घेऊन त्यात प्रबोधन भरले आणि बाईला नाचवणे नाकारले. ती भूमिका आम्हाला आजही मान्य आहे. मात्र तमाशातली गुलामी नाकारताना आपण तमाशातल्या बाईलाच नाकारले तर तो तिच्यावर दुसरा अन्याय ठरतो. फड सोडायला शिक्षण लागते, जमीन लागते, दुसरी भाकरी लागते. तिला यातले काय मिळाले होते?

तेव्हा मित्रांनो, तमाशापट जरूर पाहा. गाण्यांना दादही द्या. पण नायिका कोणत्या वस्तीतून आली, तिचे आडनाव का पुसले आणि फडाचे पैसे कुणाच्या खिशात गेले, हे विचारल्याशिवाय उठू नका. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या कलावंतीणीकडे जाऊन तिची हकिकत तिच्याच शब्दांत लिहून घ्या. आपला इतिहास आपणच लिहायचा आहे.

जय भीम!