फिल्पॉट, ग्लिन वॉरन

(५ ऑक्टोबर १८८४–१६ डिसेंबर १९३७). ब्रिटिश व्यक्तिचित्रकार व शिल्पकार. जन्म लंडनमधील क्लॅपम येथे. लॅम्बेथ स्कूल ऑफ आर्ट व पॅरिसमधील आकादेमी झ्युल्याँ या संस्थांत त्याचे कलाशिक्षण झाले. १९०४ मध्ये त्याचे चित्र रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात प्रथम झळकले. त्यानंतर लवकरच त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. १९१३ मध्ये पिट्सबर्ग येथील कार्नेगी प्रदर्शनात ‘द मार्बल वर्कर’ या चित्रास सुवर्णपदक मिळाले. १९१५ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहयोगी सदस्य आणि १९२३ मध्ये पूर्ण सदस्य झाला.

व्हेलास्केस, तिशन इ. पूर्वसूरींचा वारसा त्याच्या आरंभीच्या चित्रांत स्पष्ट दिसतो. गडद पार्श्वभूमी, एकावर एक दिलेले पारदर्शक रंगांचे थर व वस्त्रांच्या पोताचे सूक्ष्म चित्रण ही त्यांची वैशिष्ट्ये. उच्चभ्रू वर्तुळात त्याच्या चित्रांना मोठी मागणी होती. ईजिप्तचा राजा फुआद याचे व्यक्तिचित्र त्याने १९२३ मध्ये रंगविले. युद्धविरोधी भूमिका घेणारा सैनिक-कवी सीगफ्रीड ससून याचे १९१७ मधील व्यक्तिचित्र केंब्रिजच्या फिट्‌सविल्यम संग्रहालयात आहे. वेस्टमिन्स्टर येथील सेंट स्टीफन्स हॉलमध्ये पहिल्या रिचर्डच्या धर्मयुद्धासाठीच्या प्रस्थानाचे त्याचे भव्य चित्र १९२७ मध्ये लावण्यात आले.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्याने आपली शैली बदलली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये चित्रशाळा थाटून आणि बर्लिनला भेट देऊन त्याने आधुनिक कलेचा जवळून परिचय करून घेतला. गडद रंगछटांची जागा फिकट, कोरड्या रंगलेपनाने व सुटसुटीत आकारांनी घेतली. समीक्षकांना हा बदल रुचला नाही. १९३३ मध्ये ‘द ग्रेट पॅन’ हे चित्र त्यातील शृंगारिक आशयामुळे मागे घेण्यास अकॅडमीने त्याला सांगितले. व्यक्तिचित्रांची मागणीही रोडावली. तथापि तो जुन्या शैलीकडे वळला नाही.

१९२९ पासून जमेकन तरुण हेन्री टॉमस हा त्याच्या अनेक चित्रांचा विषय झाला. ‘मेलँकली मॅन’ (१९३६) हे त्यांतील प्रसिद्ध चित्र. कृष्णवर्णीय व्यक्ती यूरोपीय चित्रांत बहुधा सेवक वा शोभेची आकृती म्हणून येत असे. फिल्पॉटने मात्र राजाच्या चित्रणात दाखविलेलीच आस्था व गांभीर्य येथेही राखले.

लंडन येथे तो अकस्मात निधन पावला. १९३८ मध्ये टेट गॅलरीत त्याच्या कलाकृतींचे स्मृतिप्रदर्शन भरले. त्यानंतर तो दीर्घकाळ विस्मृतीत गेला. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी (१९८४) व चिचेस्टरची पॅलंट हाउस गॅलरी (२०२२) येथील प्रदर्शनांमुळे त्याच्या कार्याचे पुनर्मूल्यमापन झाले. ज्या उत्तरकालीन चित्रांमुळे त्याने लोकप्रियता गमावली, तीच आज त्याची महत्त्वाची निर्मिती मानली जातात.